मध्यम उत्पन्न गटातील देशांची स्थिर भांडवली गुंतवणूक : जीडीपीच्या टक्केवारीमागे काय दडले आहे?

हिशेबनीस, दादर

या चर्चामंचाच्या अर्थकारण विभागात ‘देशात गुंतवणूक वाढते आहे की नाही’ हा वाद वरचेवर रंगतो. दर वेळी एक बाजू जीडीपीच्या तीस टक्क्यांचा आकडा पुढे करते, आणि दुसरी बाजू ‘मग नवे कारखाने कुठे दिसतात’ असे विचारते. दोन्ही बाजूंचे म्हणणे एकाच वेळी खरे असू शकते, आणि असे केवळ भारतात घडते असेही नाही, हे मांडण्यासाठी हा स्वतंत्र धागा काढत आहे. माझी सारी नोकरी बँकेच्या प्रकल्प-कर्ज विभागात झाली, त्यामुळे कोणताही आकडा दिसला की माझी नजर आधी त्यामागच्या ताळेबंदाकडे जाते, हे वाचकांनी गृहीत धरावे.

प्रथम मोजणी कशाची होते ते पाहू. स्थूल स्थिर भांडवल निर्मिती या शीर्षाखाली इमारती, रस्ते, पूल, धरणे, यंत्रसामग्री, वाहने आणि अलीकडच्या पद्धतीनुसार सॉफ्टवेअर व संशोधनावरील खर्चही येतो. गोदामात पडून असलेला माल यात धरत नाहीत, सोने-चांदी वेगळ्या शीर्षाखाली जाते, आणि जमिनीची किंमत तर मुळीच येत नाही, कारण जमीन त्या वर्षी कोणी निर्माण केलेली नसते. मुंबईकराला हा शेवटचा मुद्दा पचनी पडणे अवघड जाते. परळला एखादा फ्लॅट समजा तीन कोटींना विकला गेला, तरी त्यातला सिमेंट, सळई, लिफ्ट, मजुरी आणि वास्तुविशारदाचे शुल्क एवढाच भाग ढोबळमानाने भांडवल निर्मितीत मोजला जातो. जागेपोटी मोजलेली रक्कम एका खिशातून दुसऱ्या खिशात गेली, देशाच्या भांडवलात तिने एक वीटही वाढवली नाही. चीनचे आकडे वाचताना तर अधिकच जपावे लागते, कारण तेथे दरमहा जाहीर होणाऱ्या ‘स्थिर मालमत्ता गुंतवणुकी’त जमिनीची खरेदी आणि वापरलेली यंत्रेही धरलेली असतात, आणि आपल्याकडचे लेख तो आकडा बेधडकपणे आपल्या भांडवल निर्मितीच्या आकड्याशेजारी ठेवतात.

आता दीर्घकालीन कल. दरडोई वार्षिक उत्पन्न ढोबळमानाने १,१०० ते १४,००० डॉलरच्या दरम्यान असलेल्या देशांना जागतिक बँक मध्यम उत्पन्नाचे देश म्हणते. बँकेच्या २०२४ च्या विकास अहवालानुसार असे १०८ देश आहेत आणि जगाची तीन चतुर्थांश लोकसंख्या त्यांत राहते. या गटाची सरासरी काढली की गुंतवणुकीचे प्रमाण दोन-तीन दशके चढतच गेल्याचे दिसते. मात्र ती चढण जवळजवळ एकट्या चीनची आहे. चीनमध्ये हे प्रमाण २००० च्या सुमारास जीडीपीच्या एक तृतीयांशाच्या घरात होते. २००८ च्या जागतिक पेचप्रसंगानंतर चार लाख कोटी युआनचे सरकारी खर्चाचे पॅकेज आले आणि पुढच्या काही वर्षांत ते ४५ टक्क्यांच्या आसपास पोचले. चीनला बाजूला ठेवले की चित्र पालटते. उदयोन्मुख व विकसनशील देशांतील गुंतवणूक-वाढीचा वेग २०१० मधील सुमारे ११ टक्क्यांवरून २०१९ मध्ये साडेतीन टक्क्यांच्या खाली आला, आणि चीन वगळल्यास तो ९ टक्क्यांवरून १ टक्क्याच्याही खाली घसरला, असे जागतिक बँकेचेच विश्लेषण आहे. म्हणजे घसरण कोविडच्या आधीच पूर्ण झाली होती. महामारीच्या माथी सगळे मारून मोकळे होता येत नाही.

एकेका देशाकडे पाहिले तर आलेख सरळ रेषेत कुठेच चालत नाही. मलेशियात १९९५-९७ या काळात स्थिर गुंतवणूक जीडीपीच्या ४३ टक्क्यांच्या आसपास होती, थायलंडमध्ये ४० च्या. १९९७ च्या जुलैत थायलंडचे चलन बाथ कोसळले आणि दीड वर्षाच्या आत मलेशिया सत्तावीसच्या, तर थायलंड बावीस टक्क्यांच्या जवळ आला. त्याला आता पाव शतक उलटून गेले, दोन्ही देशांचे उत्पन्न वाढले, निर्यात वाढली, परंतु जुने प्रमाण पुन्हा गाठले गेले नाही. त्या काळातली बरीचशी गुंतवणूक अल्पमुदतीच्या परकीय कर्जावर उभ्या राहिलेल्या कार्यालयीन इमारतींत आणि गृहसंकुलांत होती, म्हणून तो उच्चांकच मुळात टिकाऊ नव्हता, असे माझे मत आहे. ब्राझीलची कथा वेगळी आहे. तेथे १९८२ च्या कर्जसंकटानंतर सार्वजनिक गुंतवणूक आक्रसत गेली, मग निवृत्तिवेतन आणि व्याज यांनी अंदाजपत्रक व्यापले, आणि २०१३ मध्ये जेमतेम २१ टक्क्यांवर पोचलेले प्रमाण २०१७ पर्यंत १५ च्या खाली उतरले. दक्षिण आफ्रिका १९८० च्या आसपास पाव हिश्शाच्या वर होती. आता ती पंधराच्या आसपास रेंगाळते आहे, आणि २०१२ च्या राष्ट्रीय विकास आराखड्यात २०३० साठी ठरवलेले ३० टक्क्यांचे लक्ष्य कागदावरच आहे.

भारताचे प्रमाण २००७-०८ मध्ये ३५ टक्क्यांच्या पुढे गेले होते. २०११-१२ हे पायाभूत वर्ष धरणाऱ्या मालिकेत ते २०११-१२ मध्ये ३४ च्या थोडे वर होते, २०१६-१७ पर्यंत २८ वर आले, कोविडच्या वर्षी २७ च्या जवळ टेकले आणि नंतर सावरून ३० च्या आसपास स्थिरावले. या सावरण्यावरच येथे वाद होतात. माझे म्हणणे असे की एकूण प्रमाण हा आकडा या टप्प्यावर फारसे काही सांगत नाही. खासगी उद्योगांनी यंत्रसामग्रीत घातलेला पैसा वेगळा काढून, घसारा (यंत्रे-इमारतींची दरवर्षीची झीज) वजा करून, आणि आधीच उभी असलेली क्षमता किती वापरली जाते हे शेजारी ठेवूनच तो वाचला पाहिजे. भारतात स्थिर भांडवल निर्मितीचा निम्म्याहून अधिक भाग बांधकामाचा आहे. संस्थात्मक वाटणी पाहिली तर खासगी कंपन्यांचा हिस्सा ढोबळमानाने एक तृतीयांश, ‘घरगुती क्षेत्रा’चा (म्हणजे कुटुंबांची घरे आणि एका मालकाचे छोटे धंदे) चाळीस टक्क्यांच्या आसपास आणि उरलेला सरकार व सार्वजनिक उपक्रमांचा असतो. तीस टक्क्यांचा तोच आकडा घरांनी आणि महामार्गांनीही गाठता येतो, तसा यंत्रांनीही गाठता येतो, आणि दहा वर्षांनी त्यातून मिळणारे उत्पन्न सारखे नसते.

रोखठोक, परळ

लेख आवडला, पण एक गोष्ट खटकते. आमच्या गल्लीत गेल्या काही वर्षांत एकामागून एक चाळी पाडून टॉवर उभे राहिले. जमीन मोजत नाहीत हे मान्य केले तरी बांधकाम तर मोजतातच. राहणारी माणसे बहुतांशी तीच, रस्ता तोच, पाण्याची लाइन तीच, आणि देशाच्या खात्यात मात्र दर टॉवरमागे भरघोस भांडवल निर्मिती. याला गुंतवणूक म्हणणे म्हणजे शुद्ध हातचलाखी नाही का?

हिशेबनीस, दादर

हातचलाखी म्हणणार नाही, परंतु आपला रोख योग्य ठिकाणी आहे. स्थूल आकड्यात नवा टॉवर पूर्ण धरला जातो आणि पाडलेली चाळ वजा होत नाही. ती वजावट घसाऱ्याच्या बाजूने, निव्वळ आकड्यात होते. भारताचा वार्षिक घसारा जीडीपीच्या दहा टक्क्यांहून अधिक आहे. म्हणजे तीस टक्क्यांतला एक तृतीयांशाहून अधिक भाग जुने झिजलेले जागेवर राखण्यातच जातो. जो देश जितका पुढे जातो, तितका त्याचा भांडवलसाठा मोठा होतो, तितका घसारा वाढतो आणि तेवढ्याच स्थूल गुंतवणुकीतून निव्वळ भर कमी पडू लागते. त्यातही यंत्रे आणि संगणक इमारतींपेक्षा लवकर जुने होतात, त्यामुळे ज्या गुंतवणुकीला मी अधिक महत्त्व देतो आहे तिचाच घसारा जास्त असतो, ही गोष्ट माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध जाणारी आहे आणि ती नोंदवून ठेवतो.

मीमांसा, विलेपार्ले

हिशेबनीसांनी घसाऱ्याचा मुद्दा आणला ते बरे झाले, परंतु यंत्रसामग्रीवरचा त्यांचा भर मला पूर्ण पटत नाही. पोलंडचे उदाहरण घ्या. तो देश २००९ मध्ये जागतिक बँकेच्या वर्गवारीत उच्च उत्पन्न गटात गेला आणि त्या सगळ्या वाटचालीत त्याची स्थिर गुंतवणूक बहुतेक वर्षे जीडीपीच्या २० टक्क्यांच्या आगेमागेच राहिली. मलेशियाने त्याच्या दुपटीने गुंतवणूक करून पाहिली आणि तो अजून उंबरठ्यावरच आहे. पोलंडमध्ये जर्मन कारखान्यांच्या पुरवठा साखळीतून तंत्र आले, युरोपीय संघाचे नियम आले, शिक्षणाचा दर्जा आधीपासून चांगला होता. त्यामुळे गुंतवलेल्या प्रत्येक झ्लॉटीतून (पोलंडचे चलन) मिळणारे उत्पादन वाढले. कोरियाने दुसरी वाट धरली. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात तेथील प्रमाण चाळीस टक्क्यांच्या जवळ गेले होते, पण त्या यंत्रांवर काय बनवायचे आणि ते परदेशात कोणाला विकायचे याची शिस्त निर्यातीच्या अटींनी आधीच घालून दिलेली होती.

दुसरी गोष्ट किमतींची. गरीब आणि मध्यम देशांत यंत्रसामग्री इतर वस्तूंच्या तुलनेत महाग पडते, कारण ती बहुधा आयात होते आणि स्थानिक सेवा स्वस्त असतात. चांग-ताय शे आणि पीटर क्लेनो या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवले की देशांतर्गत किमतींत मोजलेले गुंतवणुकीचे प्रमाण श्रीमंत आणि गरीब देशांत फारसे वेगळे नसते; समान आंतरराष्ट्रीय किमती लावल्या की तफावत उघडी पडते. म्हणजे आपण बचत कमी करतो असे नसून, बचत केलेल्या रुपयाला यंत्र कमी मिळते. ही अडचण कारखानदाराला ‘गुंतवणूक करा’ असे आवाहन करून सुटणारी नाही. आयातशुल्क, बंदरावरचा विलंब आणि निर्यातक्षम मालाची उत्पादकता यांच्याशी तिचा संबंध आहे.

तिसरे म्हणजे भारताची निर्यात मोठ्या प्रमाणावर सेवांची आहे. हिंजवडी किंवा ऐरोलीतल्या सॉफ्टवेअर कंपनीला लेथ लागत नाही. तेव्हा यंत्रसामग्रीचा हिस्सा कमी दिसला म्हणून लगेच कपाळाला हात लावण्याचे कारण नाही.

यंत्रवाला, रबाळे

मीमांसाताई, सेवाक्षेत्राला लेथ लागत नाही हे खरे, पण आमच्या वर्कशॉपमध्ये दहावी-बारावी झालेली जी पोरे कामाला येतात, त्यांना सॉफ्टवेअर कंपनीच्या दारातही कोणी उभे करत नाही. त्यांची कमाई आमच्या यंत्रांवरच अवलंबून आहे, म्हणून यंत्रांचा आकडा आमच्या दृष्टीने महत्त्वाचाच.

येथे बहुतेकांनी गुंतवणुकीचा निर्णय कागदावर पाहिला असेल. तो शॉपफ्लोअरवर कसा होतो ते थोडक्यात लिहितो. आमचे काम व्हॉल्व्ह आणि पंपांच्या सुट्या भागांचे जॉबवर्क आहे. ऑर्डर वाढली की पहिला विचार नवे व्हीएमसी (धातू कापणारे संगणकनियंत्रित यंत्र) घेण्याचा कधीच नसतो. आधी ओव्हरटाइम, मग दुसरी पाळी, मग शेजारच्या गाळ्यात काम बाहेर देणे, आणि हे सगळे करूनही माल वेळेवर जाईना तेव्हा वापरलेले जपानी किंवा तैवानी यंत्र शोधणे. वापरलेले यंत्र घेताना स्पिंडलचा आवाज ऐकायचा, बॉलस्क्रूला किती ढील आहे ते डायल लावून पाहायचे आणि कंट्रोलरचे सुटे भाग अजून मिळतात का याची चौकशी करायची, एवढ्यावर व्यवहार ठरतो. देशातल्या देशात हातबदल झालेले असे यंत्र तुमच्या राष्ट्रीय आकड्यात बहुधा भरच घालत नसणार, पण आमचे उत्पादन मात्र त्याने वाढते.

नवे यंत्र घ्यायचे म्हणजे हप्ता पाच वर्षांचा आणि ऑर्डरची खात्री तीन महिन्यांची. मोठी गिऱ्हाईके बिलाचे पैसे तीन-चार महिने थकवतात. आता लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत न दिल्यास प्राप्तिकरात त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही असा नियम झाला आहे, त्याचा थोडा फायदा जाणवतो, तरी काही गिऱ्हाईकांनी त्यावरही तोडगा काढला आणि बिल तारखेच्या आधी परत पाठवून नव्या तारखेने मागवायला सुरुवात केली. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत कारखान्यांची क्षमता-वापराची पातळी वर्षानुवर्षे पंचाहत्तर टक्क्यांच्या आगेमागे दिसते. चारातले एक यंत्र बसून असताना पाचवे कोण घेईल? व्याजदर अर्ध्या टक्क्याने कमी झाल्याच्या बातम्यांवर टीव्हीवर तासभर चर्चा होते. आमच्याकडे त्या चर्चेने एकही यंत्र आलेले मला आठवत नाही.

लालबागकर

यंत्रवाल्यांच्या प्रतिसादावरून आमच्या गिरणगावाची आठवण होणे साहजिक आहे, आणि ती विषयाला धरूनच आहे. गिरण्यांचा विषय निघाला की सारे बोलणे १८ जानेवारी १९८२ च्या संपापासून सुरू होते, पण भांडवलाच्या दृष्टीने पाहिले तर खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे. अनेक गिरण्यांत स्पिंडल आणि माग कित्येक दशकांचे जुने होते, घसाऱ्यापोटी बाजूला काढलेला पैसा नव्या यंत्रांत परत येत नव्हता, आणि त्याच काळात भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग कापडाची बाजारपेठ काबीज करत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले तेव्हा कित्येक मालकांच्या दृष्टीने यंत्रांची किंमत भंगाराच्या जवळ आणि जमिनीची किंमत आभाळाला भिडलेली अशी स्थिती होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरणीची जमीन अटींवर विकण्याची वाट मोकळी करून दिली, त्यातून येणारा पैसा गिरणीच्या पुनरुज्जीवनाला वापरावा असा हेतू होता; प्रत्यक्षात काय उभे राहिले ते लोअर परळ स्टेशनातून बाहेर पडणाऱ्याला दिसतेच.

म्हणून मध्यम उत्पन्न गटातल्या शहरांबाबत माझे निरीक्षण असे आहे की जमिनीचा भाव उद्योगाच्या नफ्यापेक्षा वेगाने वाढू लागला की उद्योजकाच्या हातातले भांडवल यंत्राकडून जागेकडे सरकते. जमिनीची किंमत राष्ट्रीय हिशेबात मोजत नाहीत म्हणून ती सरक आकड्यात सरळ दिसत नाही. तिच्यामुळे न झालेली गुंतवणूक तर कुठेच दिसत नाही.

अभियंता, कुर्ला

वर बांधकामाला जरा हिणवल्यासारखे झाले आहे, त्याला माझा आक्षेप आहे. मेट्रो तीनचे उदाहरण घेतो. कुलाबा ते आरे अशी ३३.५ किलोमीटरची भुयारी मार्गिका, २७ स्थानके, सतरा टनेल बोअरिंग यंत्रे, मूळ मंजूर खर्च २३,१३६ कोटी आणि सुधारित खर्च ३७,२७६ कोटी. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि कफ परेडपर्यंतची संपूर्ण मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये. या काळात दरवर्षी झालेला खर्च त्या त्या वर्षीच्या भांडवल निर्मितीत धरला गेला, पण प्रवाशाला त्यातून शून्य सेवा मिळत होती. म्हणून गुंतवणूक जास्त आणि वाढ कमी असे दिसणारी काही वर्षे ही पायाभूत प्रकल्पांच्या गर्भकाळाची असतात, एवढे भान ठेवून मगच भांडवल वाया गेले असे म्हणावे. मुंबई आणि नवी मुंबई जोडणाऱ्या अटल सेतूची कल्पना १९६० च्या दशकातली, पायाभरणी २०१६ ची आणि वाहतूक सुरू झाली जानेवारी २०२४ मध्ये, २१.८ किलोमीटरच्या त्या पुलाचा खरा परतावा उलव्याच्या बाजूला गोदामे, कारखाने आणि विमानतळाची वाहतूक वाढेल तेव्हा मिळेल.

मात्र एक गोष्ट मान्य करतो. खर्च २३ हजारांवरून ३७ हजार कोटींवर गेला तेव्हा त्या वाढीत जास्तीची मार्गिका काही मिळाली नाही. चालू किमतींवरील टक्केवारीत वाढीव खर्च गुंतवणूक म्हणूनच चमकतो. दक्षिण आफ्रिकेत मेदुपी आणि कुसिले या कोळशावरच्या दोन महाकाय वीजकेंद्रांचे काम २००७-०८ च्या सुमारास सुरू झाले, खर्च आणि मुदत दोन्ही कित्येक पटींनी वाढले, आणि इतका पैसा ओतूनही देशाला वर्षानुवर्षे भारनियमन सोसावे लागले. अशा वेळी गुंतवणुकीचे प्रमाण चढले याचा आनंद कोणी मानायचा?

हिशेबनीस, दादर

चारही प्रतिसादांनी चर्चा पुढे नेली आहे. मीमांसाताईंचा पोलंडचा दाखला वजनदार आहे, पण त्यात एक गोष्ट सुटते. युरोपीय संघाचे अनुदान आणि शेजारच्या श्रीमंत बाजारपेठेत मुक्त प्रवेश हे दोन्ही ज्याला उपलब्ध आहेत तो देश कमी गुंतवणुकीत भागवू शकतो; ब्राझील किंवा भारताला ती सोय नाही. शिवाय पोलंडची लोकसंख्या वाढत नव्हती. दरवर्षी लाखो नवे तरुण रोजगाराच्या बाजारात येणाऱ्या देशाला निव्वळ प्रत्येक कामगारामागचे भांडवल पूर्वीइतके ठेवण्यासाठीच बरीच गुंतवणूक करावी लागते.

भांडवल किती फळते याचा ढोबळ अंदाज गुंतवणुकीच्या प्रमाणाला विकासदराने भागून येतो; हे गुणोत्तर जितके कमी, तितके भांडवल अधिक फळते. चीन चाळीस टक्के गुंतवून दहा टक्क्यांनी वाढत होता तेव्हा हे गुणोत्तर चार होते. आज चाळीसहून अधिक गुंतवून पाच टक्क्यांच्या आसपास वाढतो म्हणजे ते आठच्या वर गेले. ऑगस्ट २०२० मध्ये तेथील गृहबांधणी विकासकांच्या कर्जावर ‘तीन लाल रेषा’ म्हणजे मर्यादा आखल्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी एव्हरग्रँड ही बडी विकासक कंपनी थकली, तेव्हा त्यातली किती घरे गरजेपेक्षा जास्त होती हे उघड झाले. भारताचे गुणोत्तर २००३ ते २००८ या काळात चारच्या जवळपास होते आणि आजही ते साडेचार-पाचच्या दरम्यान येते. हे वाईट नाही. त्यामुळेच आपला प्रश्न चीनच्या उलट बाजूचा आहे, असे मला वाटते. आपल्याकडे भांडवल फळते बऱ्यापैकी, पण खासगी उद्योग ते पुरेसे घालत नाहीत.

का घालत नाहीत, याचे उत्तर मी ज्या टेबलावर बसलो तेथे बरेचसे मिळते. २००५ ते २०११ या काळात वीज, पोलाद, रस्ते आणि दूरसंचार या क्षेत्रांना जी कर्जे मंजूर झाली त्यांचे प्रकल्प अहवाल नऊ-दहा टक्के विकासदर कायम राहणार असे धरून रचलेले होते. एका औष्णिक वीज प्रकल्पाची फाइल मला चांगली आठवते. कोळशाच्या पुरवठ्याचे पत्र होते, पण रेल्वेची साइडिंग, म्हणजे प्रकल्पापर्यंतची जोडलाइन, जमिनीअभावी अडलेली. पर्यावरण मंजुरी होती, पण वीज विकत घेण्याचा दीर्घ मुदतीचा करार फक्त निम्म्या क्षमतेसाठी झालेला. बॉयलर मात्र परदेशातून येऊन आवारात ताडपत्रीखाली पडून होता, आणि तो त्या वर्षीच्या यंत्रसामग्रीतील गुंतवणुकीत नक्कीच मोजला गेला असणार. मीमांसाताईंना माझा यंत्रांवरचा भर पटत नाही, त्यांना हे उदाहरण आयतेच मिळेल. पुढे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये १२२ दूरसंचार परवाने आणि सप्टेंबर २०१४ मध्ये २१४ कोळसा खाणपट्टे रद्द केले. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मालमत्तांची गुणवत्ता तपासायला लावली, तेव्हा तोपर्यंत नव्या कर्जाने जुने झाकण्याचा जो रिवाज होता तो बंद पडला आणि मार्च २०१८ पर्यंत बँकांची स्थूल अनुत्पादक (थकलेली) कर्जे एकूण कर्जांच्या ११ टक्क्यांच्या पुढे गेली. दिवाळखोरी संहिता २०१६ ची. तिने मालकाच्या हातून कंपनी जाऊ शकते ही भीती पहिल्यांदा निर्माण केली, आणि माझ्या मते कर्ज काढून क्षमता उभारण्याचा उद्योगपतींचा उत्साह ओसरण्याला हेही एक कारण आहे. वसुलीसाठी ती भीती आवश्यकच होती. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीकर ३० वरून २२ टक्क्यांवर आणि नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ वर आणला गेला, तरी वाचलेल्या पैशातून अनेक कंपन्यांनी आधी कर्जे फेडली. ताळेबंद दुरुस्त होईपर्यंत कोणीही हेच केले असते. मार्च २०२४ मध्ये अनुत्पादक कर्जांचे प्रमाण तीन टक्क्यांच्या खाली आले, म्हणजे बँका आणि कंपन्या दोघेही आता सुदृढ आहेत, आणि तरीही खासगी गुंतवणूक हवी तशी उसळत नाही. येथे माझे ताळेबंदाचे स्पष्टीकरण संपते आणि यंत्रवाल्यांच्या तीन महिन्यांच्या ऑर्डरचे सुरू होते.

रोखठोक, परळ

मग सरकारने एवढा पैसा ओतला त्याचे काय? खासगी गुंतवणूक मागोमाग येईल असेच सांगितले जात होते.

अभियंता, कुर्ला

केंद्राचा भांडवली खर्च २०१९-२० मध्ये ३.३६ लाख कोटी होता आणि २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात ११.११ लाख कोटींची तरतूद होती, शिवाय राज्यांना पन्नास वर्षांची बिनव्याजी कर्जे. त्यामुळे सिमेंट, पोलाद आणि बांधकाम यंत्रे बनवणाऱ्यांकडे काम आले, हे आमच्या क्षेत्रात स्पष्ट दिसते, आणि त्या कंपन्यांनी क्षमताही वाढवली. कपडे, पादत्राणे, साधी घरगुती उपकरणे बनवणाऱ्यांना रस्ता चांगला झाल्याने वाहतुकीचा खर्च वाचतो, पण गिऱ्हाईक वाढत नाही. रस्त्यामागोमाग कारखाना आपोआप येतो असे गृहीत धरणे चुकीचे आहे. जिथे मागणी आधीपासून रस्त्याअभावी अडून होती तिथेच तो येतो. पैसा कोणाचा हेही पाहावे. सागरी किनारा मार्ग महापालिकेने मुख्यतः स्वतःच्या निधीतून उभारला, अटल सेतू आणि मेट्रो तीनला जपानी कर्जाचा आधार होता. पहिल्यात व्याजाचा बोजा नाही, पण त्याच ठेवींतून झाली असती ती मलनिस्सारणाची किंवा शाळांची कामे कोणती, हा हिशेब कोणी मांडत नाही.

मीमांसा, विलेपार्ले

हिशेबनीसांच्या बॉयलरचे उदाहरण मी खरोखरच वर्गात वापरणार आहे.

खासगी गुंतवणुकीचा अंदाज पुढच्या वर्षांसाठी घ्यायचा असल्यास एक नवे साधन उपलब्ध झाले आहे. सांख्यिकी मंत्रालयाने खासगी कंपन्यांच्या भांडवली खर्चाच्या इराद्यांची पहिली पाहणी नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात घेतली आणि एप्रिल २०२५ च्या अखेरीस निष्कर्ष जाहीर केले. त्यानुसार २०२४-२५ चा अंदाज सुमारे ६.५६ लाख कोटी रुपयांचा आणि २०२५-२६ चा इरादा ४.८९ लाख कोटींचा होता. वृत्तपत्रांनी लगेच गुंतवणूक पाव हिश्शाने घटणार असे मथळे दिले, पण कंपन्या पुढच्या वर्षाबद्दल हात राखून उत्तरे देतात, त्यामुळे हा आकडा जपून वाचावा, असा इशारा मंत्रालयाने त्याच अहवालात दिलेला होता. अशा पाहणीची पाच-सहा वर्षांची मालिका हाती आल्यावर इरादा आणि प्रत्यक्ष यांतली तफावत कळेल आणि मगच तिचा उपयोग होईल.

यंत्रवाला, रबाळे

ही पाहणी मोठ्या उलाढालीच्या कंपन्यांची दिसते. आमच्यासारख्या प्रोप्रायटरी वर्कशॉपने यंत्र घेतले तर ते नेमके कोणत्या खान्यात जाते?

हिशेबनीस, दादर

यंत्रवालेसाहेब, आपले वर्कशॉप ‘घरगुती क्षेत्रा’त येते, रोखठोकांच्या गल्लीतल्या नव्या फ्लॅटच्या बांधकामाशेजारी. त्या क्षेत्राची गुंतवणूक राष्ट्रीय हिशेबात थेट मोजली जात नाही. देशात यंत्रे किती बनली, किती आयात झाली, किती निर्यात झाली यावरून एकूण पुरवठा काढतात, त्यातून सरकार आणि कंपन्यांनी हिशेबात दाखवलेली खरेदी वजा करतात आणि उरते ती आपल्यासारख्यांची गुंतवणूक मानतात. वरच्या कुठल्याही आकड्यात चूक झाली की ती सगळी या बाकीत येऊन साठते, आणि हा तपशील प्रसिद्ध व्हायला वर्ष संपल्यानंतर आणखी कित्येक महिने लागतात. म्हणून घरगुती क्षेत्राची यंत्रसामग्रीतील गुंतवणूक एका वर्षी वाढली किंवा घटली यावरून मी कोणताही निष्कर्ष काढत नाही. निदान चार-पाच वर्षांची सरासरी घेतो, आणि पुढची सुधारित आकडेवारी आली की तीही पुन्हा तपासतो.